चालताना अडचण येणारी मुले आणि गतिसंवेदकाद्वारे त्यांच्या चालीचे मापन

प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या मुलाची उंची व वजन घेतले जाते, दृष्टी व श्रवण तपासले जाते. मूल कसे चालते, याकडे मात्र ते वारंवार पडू लागेपर्यंत फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक चालणे ही मेंदू, मज्जारज्जू, स्नायू, हाडे, सांधे, दृष्टी आणि तोल या सर्वांच्या सहकार्याने घडणारी क्रिया होय. यांपैकी कोठेही बिघाड झाला, तर त्याची पहिली खूण पुष्कळदा चालीतच उमटते. ही खूण न ओळखल्यामुळे मुलाचे दुहेरी नुकसान होते. एक तर उपचाराचा काळ निघून जातो. आणि दुसरे म्हणजे रांगेत मागे राहणाऱ्या मुलाला ‘आळशी’ व पडणाऱ्या मुलाला ‘धांदरट’ असे विशेषण कायमचे चिकटते.

गेल्या काही दशकांत चालीचे मोजमाप करण्यासाठी अंगावर बांधता येण्याजोगी लहान उपकरणे प्रचारात आली आहेत. त्यांना गतिसंवेदक असे म्हणतात. हे उपकरण प्रत्येक शाळेत असावे अशी अपेक्षा नाही व तशी आवश्यकताही नाही. परंतु ते काय मोजते, कशासाठी मोजते आणि कोठे चुकते हे शिक्षकाने जाणून घेतले, तर स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहावयाचे हे त्यास अधिक नीट कळेल. या लेखाचा हेतू एवढाच आहे.

चालणे म्हणजे काय

एक टाच जमिनीवर टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत जी हालचाल होते, तिला एक ढांग म्हणावे. एका ढांगेत दोन पावले असतात, एक उजवे व एक डावे. सर्वसाधारण चालीत प्रत्येक पाय ढांगेच्या सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर टेकलेला व सुमारे ४० टक्के काळ अधांतरी असतो. यांस अनुक्रमे टेक व उचल अशी नावे देऊ. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर आहेत असा काळ प्रत्येक ढांगेत दोनदा येतो आणि तो एकंदरीत सुमारे २० टक्के भरतो. ज्याचा तोल कच्चा असतो, तो हा काळ नकळत वाढवितो. निसरड्या वाटेवरून जाणारा धडधाकट मनुष्यही हेच करतो.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांची पाहणी करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचे वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कोठेही असू शकते. म्हणजे दोन निरोगी मुलांत नऊ महिन्यांचा फरक असला, तरी त्यात वावगे काही नाही. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड सदरलँड व त्यांचे सहकारी यांनी एक ते सात वर्षे वयाच्या १८६ निरोगी मुलांच्या चालीचा अभ्यास करून १९८० साली तो प्रसिद्ध केला. एक वर्षाचे मूल मिनिटाला सुमारे १७५ पावले टाकते, सात वर्षांचे मूल सुमारे १४५. वयाबरोबर पावलांची संख्या घटते व पावलाची लांबी वाढते. सातव्या वर्षापर्यंत मुलाच्या चालीचा घाट पुष्कळसा प्रौढासारखा झालेला असतो.

यावरून शिक्षकास एक उपयुक्त गोष्ट ध्यानी येईल. पहिलीच्या वर्गातील मुलाची चाल अजून घडत असते; तिच्यातील प्रत्येक वेडेवाकडेपणा म्हणजे व्यंग नव्हे. परंतु तिसरी-चौथीत आल्यावरही मूल चवड्यांवर चालत असेल, एक पाय ओढीत असेल किंवा मागील वर्षापेक्षा हळू चालू लागले असेल, तर ती वयाची गोष्ट समजून सोडून देणे योग्य होणार नाही.

मोजमापाचे पूर्वीचे प्रयत्न

अंगावर यंत्र बांधून चाल मोजण्याची कल्पना दीडशे वर्षांची आहे. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी जोड्याच्या तळाशी हवेची पोकळी ठेवली होती. पाऊल टेकले की हवा दाबली जाई, ती नळीवाटे चालणाऱ्याच्या हातातील नोंदयंत्रापर्यंत पोचे आणि तेथील फिरत्या कागदावर रेघ उमटे. मारे यांचा या विषयावरील ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनीत ब्राउने व फिशर यांनी १८९१ साली मनुष्याच्या अवयवांना प्रकाशनळ्या बांधून अंधारात त्याची छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून प्रत्येक अवयवाची हालचाल गणिताने काढली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांतून चालीच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मुलाच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणारे लहान गोळे चिकटवावयाचे, सभोवार बसविलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांचा मागोवा घ्यावयाचा व जमिनीत पुरलेल्या पट्ट्यांनी पायाचा दाब मोजावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही व कोणत्या स्नायूवर करावी, हे ठरविताना तिचा फार उपयोग होतो आणि अचूकतेच्या बाबतीत आजही तीच प्रमाण मानली जाते. परंतु अशी प्रयोगशाळा खर्चाची असते, मोठ्या शहरातच असते आणि तेथे मूल चालते ते काही मीटर अंतर, सपाट फरशीवर व परक्या माणसांच्या देखत. शाळेच्या वाटेवर तेच मूल कसे चालते, हे तेथे कळत नाही.

गतिसंवेदकाची रचना

गतिसंवेदक आकाराने लहान असतो व पट्ट्याने घोटा, पिंढरी, मांडी किंवा कंबर यांवर बांधता येतो. त्याच्या आत मुख्यत्वे दोन प्रकारची मापके असतात.

पहिले त्वरणमापक. धावत्या एस. टी. गाडीला अचानक ब्रेक लागला की उभा असलेला उतारू पुढे फेकला जातो. गाडीचा वेग बदलला आणि उतारूचे शरीर मात्र आपला पूर्वीचा वेग सोडावयास तयार नसते. त्वरणमापकात हेच घडते. सिलिकॉनच्या सूक्ष्म कमानींवर एक अतिशय लहान वजन टांगलेले असते. पाय पुढे गेला, थांबला किंवा आपटला, की ते वजन किंचित सरकते. त्याच्या व शेजारच्या दात्यांच्या मधले अंतर बदलते व त्यामुळे विद्युतधारणेत पडलेला फरक मोजला जातो. उपकरण अगदी स्थिर असले तरी त्यास पृथ्वीचे गुरुत्व जाणवतच असते. म्हणून ते कोणत्या बाजूस कलले आहे हेही त्यावरून कळते.

दुसरे घूर्णनमापक. फिरत्या चक्रावर मधून कडेकडे चालू पाहणारा मनुष्य एका बाजूस ढकलला जातो. घूर्णनमापकात एक सूक्ष्म वजन सतत थरथरत ठेवलेले असते. उपकरण वळले की ते वजनही असेच बाजूला ढकलले जाते आणि त्यावरून पिंढरी किती वेगाने वळली हे समजते. पाय उचलून पुढे झोकला जातो तेव्हा हा वेग मोठा असतो. टाच टेकताना व चवडा सुटताना तो उलट दिशेचा होतो. या खुणांवरून टेक व उचल यांचा काळ निश्चित करता येतो. अशी नोंद दर सेकंदास शंभर वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा होऊ शकते.

ही सूक्ष्म मापके मुळात मुलांसाठी बनविलेली नव्हती. १९९० नंतरच्या दशकात मोटारगाडीची टक्कर होताच हवेची पिशवी फुगावी म्हणून त्वरणमापकांचा मोठ्या प्रमाणावर वापर होऊ लागला. पुढे ती भ्रमणध्वनीत आली, स्वस्त झाली व मग वैद्यकांच्या हाती आली.

या नोंदीतून वेग कसा निघतो, हे साध्या गणिताने समजून घेता येईल. समजा, एक मुलगी १० मीटर अंतर २० पावलांत व १२ सेकंदांत चालली. तिच्या पावलाची सरासरी लांबी ५० सेंटिमीटर झाली, मिनिटाची पावले १०० झाली आणि वेग मिनिटाला ५० मीटर झाला. सहा महिन्यांनी तिला तेवढ्याच अंतरास २५ पावले व १५ सेकंद लागले. मिनिटाची पावले अजूनही १०० च आहेत. पण पावलाची लांबी ४० सेंटिमीटरांवर आली व वेग ४० मीटरांवर उतरला. पाय पूर्वीइतक्याच वेळा पडत असल्यामुळे पाहणाऱ्यास ‘चाल पूर्वीसारखीच आहे’ असे वाटण्याचा संभव असतो. मापन मात्र सांगते की पाऊल आखडले आहे. याखेरीज डाव्या पायाची टेक किती व उजव्याची किती, आणि एक पाय दुसऱ्याचे ओझे उचलीत आहे काय, हेही संवेदक वेगळे करून दाखवितो.

दवाखान्यातील चाल आणि नित्याची चाल

या उपकरणाचे खरे महत्त्व त्याच्या सूक्ष्मतेत नाही. ते मुलाबरोबर घरी, शेताच्या बांधावर व शाळेत जाऊ शकते, यात आहे.

मूल काय करू शकते आणि मूल नित्य काय करते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली मान्य केलेल्या वर्गीकरणात हा भेद स्पष्ट केलेला आहे. डॉक्टरांसमोर मूल सर्व शक्ती एकवटून दहा मीटर चालून दाखविते. परंतु शाळेची वाट एक किलोमीटरची असेल, मध्ये चढ असेल, पाठीवर दप्तर असेल, तर तेच मूल वाटेत तीनदा बसते. उलटही घडते. परक्या जागी बावरलेले मूल तेथे धड चालत नाही आणि शाळेच्या अंगणात सवंगड्यांबरोबर बरे चालते.

मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांच्या बाबतीत हा भेद विशेष ध्यानात ठेवावा लागतो. यात वाढत्या मेंदूस जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. परंतु मूल वाढत जाते तसे ताठर स्नायू हाडांच्या वाढीस पुरे पडत नाहीत आणि चाल बदलते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित रॉबर्ट पॅलिसानो, पीटर रोझेनबॉम व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली अशा मुलांची पाच पातळ्यांत वर्गवारी केली. पहिल्या पातळीवरील मूल निर्वेध चालते, दुसरीवरील मुलास काही मर्यादा पडतात, तिसरीवरील मूल हातात आधार घेऊन चालते, चौथीवरील मुलास स्वतः हिंडण्यास बरीच अडचण असते व पाचवीवरील मुलास चाकांच्या खुर्चीतून न्यावे लागते. या वर्गवारीचा नियम असा की मुलाची सर्वोत्तम करामत पाहावयाची नाही. घरी, शाळेत व गावात ते नित्य कसे हिंडते ते पाहावयाचे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २००४ साली तयार झालेली एक मोजपट्टी याहूनही सोपी आहे. तीत मुलाविषयी तीनच अंतरांबद्दल विचारले जाते: ५ मीटर, ५० मीटर व ५०० मीटर. पहिले घरातले अंतर, दुसरे शाळेतले व तिसरे गावातले. घरात भिंत धरून चालणारे मूल शाळेत कुबड्या घेते व बाजारात वडिलांच्या खांद्यावर असते, हे एकाच मुलाचे वर्णन असू शकते. त्यातील कोणतेही एक अंतर पाहून दिलेला निर्णय अपुरा ठरेल.

अमेरिकेतील काही संशोधकांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या, १० ते १३ वर्षे वयाच्या मुलांच्या घोट्यास पावले मोजणारे उपकरण सात दिवस बांधले व त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. इतर मुलांपेक्षा या मुलांची रोजची पावले कमी भरली आणि अडचण जितकी अधिक तितका चालण्यात जाणारा वेळही कमी आढळला. हे अपेक्षितच होते असे कोणी म्हणेल. परंतु ‘कमी’ म्हणजे किती, आणि पट्टा, शस्त्रक्रिया किंवा व्यायाम यांनंतर त्यात वाढ झाली काय, हे सांगण्यास त्यापूर्वी आईवडिलांच्या आठवणीखेरीज फारसे साधन नव्हते.

घोट्यावरील नोंदीने झालेला एक बदल

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू दुबळे करीत जाणारा आनुवंशिक रोग आहे. तो जवळजवळ सर्वस्वी मुलग्यांत आढळतो. लक्षणे बहुधा पाचव्या वर्षाच्या आत दिसू लागतात: मूल धावू शकत नाही, जिना चढताना कठडा ओढते, हंसासारखे डुलत चालते, त्याच्या पोटऱ्या मोठ्या दिसतात. उपचार न मिळाल्यास बहुतेकांचे चालणे बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत थांबते. स्टेरॉइड औषधांनी हा काळ लांबविता येतो आणि अलीकडे नवीन औषधेही तपासली जात आहेत.

औषधाचा गुण आला की नाही, हे ठरविण्यासाठी पूर्वी मुख्यत्वे सहा मिनिटांच्या चालण्याची परीक्षा घेत. सरळ मार्गावर मुलास सहा मिनिटे शक्य तितके चालावयास सांगावयाचे व अंतर मोजावयाचे. परंतु सहा वर्षांच्या मुलाचे त्या दिवशी मन लागले नाही, किंवा प्रवासाने ते थकलेले असले, तर अंतर कमी भरते आणि चांगले औषध निष्फळ ठरण्याचा धोका उत्पन्न होतो.

यावर फ्रान्समध्ये असा उपाय निघाला की मुलाच्या घोट्यास संवेदक बांधून अनेक दिवसांच्या नित्य व्यवहारातील प्रत्येक ढांगेचा वेग नोंदवावा. मग सर्व ढांगा हळूपासून जलदपर्यंत ओळीने लावाव्यात. शंभर ढांगा असतील तर पंच्याण्णवाव्या ढांगेचा वेग घ्यावा. सरासरी वेग का घेऊ नये? कारण दिवसभरातील बहुतेक पावले घरातल्या घरात सावकाश टाकलेली असतात. त्यांवरून स्नायूंच्या ताकदीचा अंदाज येत नाही. सर्वांत जलद ढांग का घेऊ नये? कारण ती एखादे वेळी धडपडण्याचीही असू शकते. वरच्या पाच टक्क्यांच्या उंबरठ्यावरील वेग हा मुलाने खेळताना, हाक येताच धावताना आपणहून लावलेल्या ताकदीचा निदर्शक ठरतो.

युरोपीय संघाच्या औषध संस्थेने हे माप २०१९ साली औषधांच्या चाचण्यांत दुय्यम कसोटी म्हणून व २०२३ साली, चालू शकणाऱ्या मुलांपुरते, मुख्य कसोटी म्हणून स्वीकारले. दवाखान्यातील परीक्षेऐवजी मुलाच्या रोजच्या जगण्यातील नोंद ग्राह्य धरली गेली, हे याचे महत्त्व होय.

यंत्र कोठे चुकते

यंत्र म्हटले की ते बिनचूक असणार, असा समज करून घेऊ नये. त्वरणाच्या नोंदींची बेरीज करून वेग व त्यावरून अंतर काढताना लहान लहान चुका साठत जातात. रोज थोडे पुढे जाणारे घड्याळ महिन्याअखेर बरेच चुकते; परंतु ते दररोज दुपारच्या भोंग्यास लावून घेतले, तर चूक साठत नाही. पायावरील संवेदकास असा भोंगा प्रत्येक पावलास मिळतो. पाऊल पूर्ण टेकलेले असताना क्षणभर ते स्थिर असते, आणि तेव्हा ‘आता वेग शून्य’ असे धरून गणित नीट लावून घेता येते.

परंतु जे मूल चवड्यांवरच चालते, ज्याची टाच टेकतच नाही, किंवा जे पाय घासत नेते, त्याच्या बाबतीत हा भोंगा स्पष्ट वाजत नाही. निरोगी प्रौढांच्या चालीवरून बसविलेली गणिते अशा मुलांच्या बाबतीत फसतात. कंबरेवर बांधलेली पाऊलमापके फार सावकाश चालणाऱ्यांची किंवा चाकांच्या आधारगाडीवर रेलून चालणाऱ्यांची पुष्कळशी पावले मोजतच नाहीत. म्हणजे ज्याच्यासाठी मापन करावयाचे, त्याच्याच बाबतीत ते सर्वांत कमी विश्वासार्ह ठरण्याचा संभव असतो. म्हणून दिव्यांग मुलांवर पारखून घेतलेले उपकरण व गणितच वापरले पाहिजे. बाजारात मिळणारे पावले मोजणारे मनगटी घड्याळ किंवा भ्रमणध्वनी यांच्या आकड्यांवरून रोगाचे निदान करणे सर्वथा गैर होय.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. संवेदक ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. एखाद्या मुलीची पावले दुपारनंतर एकदम घटली, याचे कारण थकवा असेल, पट्ट्याने पडलेला फोड असेल, किंवा तिला कोणी खेळात घेत नसेल. हे कारण मुलीजवळ बसून विचारल्यानेच कळते.

तिसरी गोष्ट संमतीची. मूल कोठे व किती हिंडते ही त्याची खाजगी बाब आहे. भारताच्या संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. एखाद्या संस्थेने शाळेत येऊन मुलांच्या पायांस उपकरणे बांधण्याची इच्छा दर्शविली, तर वरिष्ठांची परवानगी व पालकांची लेखी संमती असल्याशिवाय तसे करू देऊ नये. मुलाने स्वतः नकार दिल्यास तोही मानावा.

शाळेत काय करता येईल

गतिसंवेदक जे अनेक दिवस बांधून शोधू पाहतो, ते शिक्षक रोज सहा तास पाहत असतो. फरक इतकाच की संवेदक नोंद ठेवतो व शिक्षक बहुधा ठेवत नाही. पुढील गोष्टींची नोंद कोणत्याही उपकरणावाचून ठेवता येईल.

१. जमिनीवरून उठणे. आपल्या शाळांतून मुले पुष्कळदा जमिनीवर बसतात, आणि उठणे ही पायांच्या व कंबरेच्या स्नायूंची उत्तम परीक्षा होय. जे मूल आधी ओणवे होऊन, मग हात गुडघ्यांवर व मांड्यांवर टेकीत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उभे राहते, त्याची वैद्यकीय तपासणी विलंब न लावता करविली पाहिजे. इंग्लंडमधील डॉ. विल्यम गॉवर्स यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णिलेली ही खूण ड्युशेनच्या रोगात ठळकपणे दिसते.

२. पायांतील वहाण. चपलेचा पुढचा भागच झिजला असेल, किंवा एकच चप्पल लवकर झिजत असेल, तर पाय घासत आहे किंवा भार एका बाजूस पडत आहे असे समजावे.

३. पडणे. आठवड्यातून किती वेळा, कोठे व दिवसाच्या कोणत्या वेळी मूल पडले, हे तारीखवार लिहावे.

४. दहा मीटरांची नोंद. ओसरीवर किंवा अंगणात १० मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढाव्यात. मूल नेहमीच्या चालीने जात असता सेकंद व पावले मोजावीत. हे तीन महिन्यांतून एकदा, त्याच जागी व शक्यतो त्याच वेळी करावे. ही नोंद इतर मुलांच्या देखत घेऊ नये. तिला गुण देऊ नयेत. आणि एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करू नये. मुलाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावयाची असते.

५. अंतरे. वर्गापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, शौचकूपापर्यंत व फाटकापर्यंत किती मीटर अंतर आहे, वाटेत किती पायऱ्या आहेत, हे एकदा मोजून ठेवावे. ५० मीटर अंतर ज्यास जड जाते, ते मूल तहान मारून बसते किंवा शौचास जाणे टाळते आणि त्याची कोणासही कल्पना नसते. वर्ग बदलून, उतरण बांधून किंवा माठ जवळ ठेवून हा प्रश्न पुष्कळदा सुटतो.

दोन प्रसंगी मात्र नोंद पूर्ण होण्याची वाट पाहू नये. पूर्वी जमत असलेली गोष्ट मुलास जमेनाशी झाली, म्हणजे धावणारे मूल धावेनासे झाले, तर लगेच तपासणी करवावी. मेंदूच्या पक्षाघाताची मूळ इजा वाढत नसते, म्हणून वर्षागणिक बिघडणाऱ्या चालीमागे दुसरे काही कारण असू शकते. आणि पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या पायात वा हातात एकाएकी लुळेपणा आला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. भारत २०१४ साली पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला असला, तरी अशा प्रत्येक रुग्णाची तपासणी होणे आवश्यक असते.

ही नोंद कोणास द्यावयाची, याची व्यवस्था उपलब्ध आहे. २०१३ साली पालघर येथे ज्याचा प्रारंभ झाला, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरत्या आरोग्य पथकाने शाळेस वर्षातून एकदा व अंगणवाडीस दोनदा भेट द्यावी अशी योजना आहे. पथक येईल त्या दिवशी नोंदीचे पान त्यांच्या हाती ठेवावे. घाईच्या तपासणीत जे सुटले असते, ते त्या पानामुळे सुटणार नाही. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांसही त्याची प्रत द्यावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१६ च्या कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास नजीकच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. टक्केवारी ठरविणे व प्रमाणपत्र देणे हे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम आहे. शिक्षकाने पालकांस रोगाचे नाव सांगू नये. आपण काय पाहिले तेवढेच सांगावे व तपासणीस पाठवावे.

चालीचे मापन हे मुलास पास किंवा नापास करण्यासाठी नाही. आधारपट्टा लागला तर त्याचा उपयोग होतो की नाही, औषधाने गुण येतो की नाही, वाटेतली कोणती पायरी काढावी लागेल, हे कळण्यासाठी ते आहे. मूल थोडे चालते म्हणून त्याने थोडे शिकावे असे मुळीच नाही. ज्या शक्तीचा काही भाग वर्गापर्यंत पोचण्यातच खर्च होतो, ती वाचविली तर अभ्यासास अधिक उरते. शिक्षकाने आजच आपल्या वर्गात असे एखादे मूल आहे काय ते पाहावे, आणि असल्यास तारीख घालून पहिली ओळ लिहून ठेवावी.